एक्केचाळीस वह्या, एकच नळ

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. भिंती कमरेपर्यंत तपकिरी, त्यावर मळका पिवळा रंग. डावीकडे चार खिडक्या. एकीची कडी निखळली आहे म्हणून ती सुतळीनं गजाला बांधून ठेवलेली. छताला दोन पंखे. एक फिरतो, दुसरा नुसताच कुरकुरतो. फळ्यावर आदल्या दिवशीच्या कुठल्यातरी बैठकीचं 'सुस्वागतम्' अर्धवट पुसलेलं. बाकांवर एक्केचाळीस शिक्षक, आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या. आयुष्यभर पोरांना 'पुढे या, पुढे या' म्हणून ओरडणारी ही माणसं स्वतः शिकायला बसली की मागच्या भिंतीला चिकटतात. कोपऱ्यातल्या खुर्चीतून मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, आज नायिकेची काही धडगत नाही.

नायिका उजवीकडून आली. वय छप्पन्न, उंचीनं ठेंगणी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी लाकडी पट्टी. तिची चालच अशी की ही कुणाला तरी जाब विचारायला निघाली आहे असं वाटावं.

ही माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. नाटक सुटल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. ती मला एरवी ताई म्हणते आणि चिडली की 'वन्सं'. गेल्या काही वर्षांत 'वन्सं' जास्त वेळा ऐकलंय. वीस वर्षं शाळेत शिकवून ती या प्रशिक्षण केंद्रात आली. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांना पाठाचं नियोजन कसं करायचं ते शिकवायचं, हे तिचं काम. माहिती घोकवायची नाही, एका संकल्पनेभोवती पाठ उभा करायचा, असं प्रशिक्षण मिळावं म्हणून ती अकरा वर्षं वर अर्ज करत होती. अकरा वर्षांनी तीन दिवस मंजूर झाले. त्यातला एक तास शिक्षकांना आवाज कसा लावायचा ते सांगायला तिनं मला नेलं होतं.

शिक्षकांनी तिचं नाव ठेवलं होतं 'मगकाय बाई'. का, ते पाच मिनिटांत कळलं.

"गावच्या कारभाराचा धडा घेऊ," ती म्हणाली. "काय शिकवता त्यात?"

"सदस्यसंख्या."

"मुदत किती वर्षांची ते."

"वयाची अट, बाई."

"बरं. पोरानं सदस्यसंख्या पाठ केली, मुदत पाठ केली, वयाची अट पाठ केली. मग काय?"

मागच्या रांगेतले एक पोक्त गुरुजी चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "म्हणजे काय, मग काय?"

"म्हणजे उद्या त्याच्या गल्लीत काही घडलं तर या पाठांतराचा त्याला काय उपयोग?"

"परीक्षेत येतं ना, बाई."

सगळे हसले. ती हसली नाही. फळ्यावरचं 'सुस्वागतम्' तिनं तळहातानंच पुसलं आणि मधोमध एक शब्द लिहिला: टंचाई. खाली एक वाक्य: 'एखादी गोष्ट सगळ्यांना पुरत नाही, तेव्हा ती आधी कुणाला मिळणार हे कुणीतरी ठरवतं.'

"हे वाक्य हजार वर्षांपूर्वी खरं होतं?"

"होतं."

"समुद्रापलीकडच्या देशात?"

"तिथंही."

"तुमच्या घरात, गुरुजी?"

"आमच्याकडे एकच टीव्ही आहे, बाई."

"आणि काय लावायचं ते कोण ठरवतं?"

"ही ठरवते. मी फक्त बंद करतो, तेही ती झोपल्यावर."

"बसा. तुम्हाला संकल्पना कळली."

मग ती तीन दिवस एकच गोष्ट परोपरीनं सांगत राहिली. आधी असं एक वाक्य शोधा, जे तुमच्या धड्यातही खरं आहे आणि धड्याबाहेरही. मग मुलांना त्यावर भांडता येईल असा प्रश्न काढा. मग मुलांना चालत जाऊन डोळ्यांनी बघता येईल असं उदाहरण तुमच्याच शाळेच्या आसपास शोधा. सदस्यसंख्या आणि मुदत शेवटी, लागेल तेवढीच. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "बाई, एक नमुना द्या ना. म्हणजे अंदाज येईल." तिनं दिला. तिच्या जुन्या शाळेतला पाठ होता तो. शाळेच्या मागच्या फाटकाजवळ एक नळ होता. पाणी दहा वाजता यायचं आणि पाऊण तासात जायचं. नळाची चावी शिपायाकडे. मोठ्या वर्गातली मुलं आधी भरायची आणि तिसरीतल्या दोन मुली रोज रिकाम्या बाटल्या घेऊन परत यायच्या. प्रश्न होता, चावी कुणाकडे असावी? मी वाचला तो पाठ. मला आजही वाटतं, त्या दोन मुलींवर एक अंक लिहिता येईल.

शिक्षकांची टाचणवही म्हणजे काय, हे शाळेबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. उद्या वर्गात काय शिकवणार ते शिक्षकानं त्या वहीत लिहायचं आणि मुख्याध्यापकानं दर सोमवारी त्याखाली सही करायची. लिहिलेलं वर्गात घडतं का, ते बघायला कोणी जात नाही. सही झाली की पाठ झाला. त्यामुळे बरेच जण गेल्या वर्षीची वही समोर ठेवून या वर्षीची भरतात. पाठ तोच, तारीख नवी.

अडीच महिन्यांनी त्या एक्केचाळीस जणांच्या टाचणवह्या केंद्रात जमा झाल्या. त्या तपासायला तिनं घरी आणल्या. पण चारच दिवसांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस अक्षराला डोळा लावू नका म्हणून बजावलं होतं. काळा चष्मा लावून, हातात लाल पेन धरून ती रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसली. वाचायचं काम माझ्याकडे आलं.

पहिली वही उघडली. "संकल्पना, टंचाई," मी वाचलं. "उदाहरण, आपल्या शाळेच्या मागच्या फाटकाजवळचा नळ."

"हं. नमुना उतरवलाय गाढवानं. पुढची."

"संकल्पना, टंचाई. उदाहरण, आपल्या शाळेच्या मागच्या फाटकाजवळचा नळ."

"शेजारच्याच शाळेचा असेल. पुढची."

पाचवी वही, सहावी, अकरावी. प्रत्येक शाळेला मागचं फाटक होतं, प्रत्येक फाटकाजवळ नळ होता, आणि प्रत्येक नळावरून तिसरीतल्या दोन मुली रिकाम्या बाटल्या घेऊन परत जात होत्या. शहराबाहेरच्या टेकडीवरच्या शाळेतही दहा वाजता पाणी येत होतं. एका वहीत तर लिहिलं होतं, 'माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी हे रोज पाहिले.' ती वही एका सव्वीस वर्षांच्या मुलीची होती.

मला हसू आवरेना. मी वही मिटून पदर तोंडाला लावला.

"हसू नका, वन्सं."

मी हसायची थांबले.

"सगळ्या वाचा."

"अगं, कळलं ना आता..."

"एक्केचाळीसही वाचा."

मी वाचल्या. तिसाव्या वहीनंतर माझा आवाज बसला. तिनं पेनाला टोपण लावलं. एकाही वहीवर खूण केली नव्हती.

तिचा राग मला समजत होता, पण त्या शिक्षकांवर रागावणं मला तेवढं जमेना, कारण मी स्वतः तेच केलं होतं. विशीत असताना आमच्या मुख्य अभिनेत्री आजारी पडल्या आणि त्यांची भूमिका मला करावी लागली. महिनाभर विंगेत उभं राहून मी ती पाठ केली होती. शब्द, हातवारे, उसासे, सगळं. तिसऱ्या अंकात पत्र वाचता वाचता मी खोकलेसुद्धा, बरोबर त्या खोकायच्या त्याच ठिकाणी. पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, "तुला कधीपासून दमा झाला?" बाईंना खोकला होता, भूमिकेला नव्हता. हे मी तिला सांगितलं.

"तुम्हाला दिग्दर्शकानं विचारलं तरी," ती म्हणाली. "यांना उद्या शाबासकी मिळणार आहे. बघाच तुम्ही."

आणि मिळाली. सोमवारी मी तिला हाताला धरून केंद्रात घेऊन गेले तेव्हा तिथल्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, दार उघडून आमचं स्वागत केलं. टापटीप माणूस. टेबलावर काच, काचेखाली कुठल्याशा सभेतले फोटो, सगळ्यांत ते स्वतः मधोमध.

"बाई, काय काम केलंत! मी परवाच वह्या चाळल्या. एक्केचाळीस शाळा आणि एकच पाठ! अशी एकवाक्यता मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

"एकवाक्यता नाही हो ती. उतरवलंय सगळ्यांनी."

"उतरवलं म्हणजे मान्य केलं." साहेबांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं तो माझ्याकडे दिला. मी वाचला: 'प्रमाणित करण्यात येते की, सर्व एक्केचाळीस शिक्षक संकल्पनाधारित पाठाचे नियोजन स्वतंत्रपणे करू शकतात.' खाली तिच्या सहीसाठी रेघ.

"यावर सही झाली की पुढच्या वर्षी पूर्ण वर्षभराचं प्रशिक्षण मंजूर," साहेब म्हणाले. "वरून शब्द मिळालाय मला. आणि सोबत पुस्तिका. सगळ्या इयत्तांची तयार टाचणं, पहिलं तुमचं नळाचं. मुखपृष्ठावर तुमचं नाव. शिक्षकांनी फक्त तारीख टाकायची."

"आणि सही नाही केली तर?"

"तर प्रशिक्षण फसलं असा अर्थ होतो, बाई. फसलेल्या गोष्टीला पुढच्या वर्षी कोण मंजुरी देणार?" हे त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं की मला त्यांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. खलनायक मी पुष्कळ पाहिलेत. बहुतेक सगळे प्रयोगानंतर माझ्याबरोबर चहा प्यायचे, देवमाणसं होती. हा प्रकार वेगळा. आपण कुठं काही वाईट करतोय असं याला स्वतःला वाटतच नव्हतं.

तिनं एक दिवस मागितला. गुरुवारी सगळ्या एक्केचाळीस जणांना परत बोलवा, म्हणाली. साहेबांनी कॅलेंडर पाहिलं, सुस्कारा टाकला. "गुरुवार घ्या. पण शुक्रवारी दुपारपर्यंत मला कागद हवा. सहीसकट."

घरी भाऊ वाटच पाहत होता. सगळं ऐकून घेतलं त्यानं. स्वभावानं थंड आहे तो.

"सही करून टाक," तो म्हणाला. "वर्षभर वर्ग मिळतील. मग आत काय शिकवायचं ते तूच ठरवणार ना?"

"आत पुस्तिका वाटायची असेल."

"एक दिवस पुस्तिका वाट. उरलेले दिवस तुझे."

"खोटं लिहून मिळालेले?"

"अगं, अकरा वर्षं! या एका गोष्टीसाठी अकरा वर्षं तू या घरात दुसरं काही बोलली नाहीस. मी ऐकलंय सगळं."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशनमुळे, असं ती म्हणाली. मला विचाराल तर तिला तो वर्ग हवा होता. लहान मुलाला खेळणं हवं असतं तसा हवा होता.

गुरुवारी सकाळी तीच लांबट खोली. एक्केचाळीस माणसं, पुढच्या दोन रांगा रिकाम्या. ती आत आली, वह्यांचा ढीग टेबलावर आदळला आणि धूळ उडाली.

"चला," ती म्हणाली. "उठा सगळे. मला तुमचे नळ दाखवा."

कोणी उठेना.

"काय झालं? एक्केचाळीस नळ आहेत आपल्याकडे. एवढं पाणी तर शहरभर पुरेल! तू, उभी राहा." सव्वीस वर्षांची ती चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "वय काय तुझं?"

"सव्वीस."

"आणि नोकरी वीस वर्षांची. म्हणजे सहाव्या वर्षी मास्तरीण झालीस? दुधाचे दात पडले होते का तेव्हा?"

हशा पिकला. मुलीचा चेहरा लाल झाला. मला बघवेना. रागाच्या भरात आपण कुणावर कोसळतोय याचं भान तिला राहिलं नव्हतं. मी भावजयीच्या पाठीला बोट लावलं. तिनं खांदा झटकला.

मागून ते पोक्त गुरुजी उठले.

"बाई, पोरीला कशाला बोलताय? बोलायचं तर मला बोला. माझ्या शाळेला मागचं फाटक नाहीच. पुढचंही नाही. कुंपणाची भिंतच नाही तर फाटक कशात बसवणार?"

"मग लिहिलंत का?"

"कारण आधी खरं लिहिलं होतं, ते फाडावं लागलं." गुरुजींचाही आवाज चढला. "तुम्ही इथं मोकळं बोलता. आम्हाला दर सोमवारी मोठ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांकडे वही सहीला न्यावी लागते. हे बघा." त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढली, फाईलमधून एक फाटकं पान. पानावर लाल पेनानं आडवी फुली, खाली शेरा: 'नमुन्याप्रमाणे नाही. पुन्हा लिहा.'

तिनं पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि माझ्याकडे दिलं. "वाचा, वन्सं. मोठ्यानं."

मी उभी राहिले. आयुष्यात मी पुष्कळ पत्रं, फर्मानं, मृत्युपत्रं रंगमंचावर वाचली. ते पानही तसंच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं वाचलं.

'संकल्पना: टंचाई. उदाहरण: आमच्या वर्गातील उजेड. शाळा एका खोलीची आहे. तिसरी आणि चौथी एकत्र बसतात. खिडकी एकच आहे. दुपारी वीज नसते. खिडकीजवळच्या दोन बाकांवरच पुस्तक वाचता येते. तिथे चौथीची मुले बसतात. मुलांसाठी प्रश्न: उजेड सगळ्यांना पुरत नाही, तर खिडकीजवळ कोणी बसावे? आत्ताची पद्धत कोणी ठरवली? (मी.) ठरवताना गुरुजींनी कोणाला विचारले होते का? गुरुजींचे चुकले का?'

गुरुजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"मुख्याध्यापक म्हणाले, मुलांकडून 'गुरुजींचे चुकले का' असं विचारून घेता? वेड लागलंय? नमुन्यात नळ आहे ना, मग नळ लिहा," गुरुजींनी सांगितलं.

"आणि तुम्ही वर्गात काय घेतलंत?" तिनं विचारलं. आवाज खाली आला होता.

"नळ घेतला. सही त्याच्यावर होती."

"मुलं काय म्हणाली?"

"काय म्हणणार? पहिल्याच मिनिटाला एक पोर उठलं. म्हणालं, गुरुजी, आपला नळ कुठाय?"

ती पुढच्या रिकाम्या बाकावर बसली, शिक्षकांकडे पाठ करून. मग वळली. "आणखी कुणाकुणाचं फाडलं?"

एक हात वर आला, मग दुसरा. नऊ हात झाले. त्यात चष्मेवालीचाही होता.

"तुझंही? मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठं?" मुलगी म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

बाई उठून तिच्याजवळ गेली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझ्याशीही आणि त्याआधीही. नमुना मागितलात आणि मी दिला. माझ्या शाळेतला नळ तुमच्या हातात कोंबला आणि म्हटलं, आता स्वतः विचार करा. तुम्ही तरी काय करणार? आणि ते तुमचे मुख्याध्यापक..." इथं तिचा आवाज पुन्हा चढला, इतका की बाहेरून जाणारा शिपाई दारात थांबला, "ते मुख्याध्यापक एकदा तरी येऊन त्या खिडकीजवळ बसलेत का? दुपारी, वीज गेल्यावर? लाल पेन घेऊन सही करायला मात्र यांना उजेड लागतो!"

नमुन्याची शिल्लक पानं टेबलाच्या खणात होती. ती तिनं काढली, उभी आडवी फाडली आणि टोपलीत टाकली.

"आता लिहा," ती म्हणाली. "इथं, माझ्यासमोर. तुमच्या शाळेत सगळ्यांना काय पुरत नाही आणि ते कोण वाटतं."

"बाई, जेवणाची सुट्टी?" एकानं विचारलं.

"डबा खाताना लिहा."

"आणि आमची बस चारची आहे हो."

"म्हणजे वेळ पुरत नाही. तेच लिहा!"

कुरकुर करत माना खाली गेल्या. काहींनी तासाभरात कोरी पानं दिली आणि निघून गेले. त्यांना तिनं अडवलं नाही. काहींनी नळाऐवजी विहीर लिहिली. पण चष्मेवालीनं मैदान लिहिलं. मोठी मुलं मधोमध खेळतात आणि मुली भिंतीला टेकून उभ्या राहतात, कुणी हाकललेलं नसताना. एकानं वाचनालयाच्या कुलुपाबद्दल लिहिलं. चार वाजता मी तिला सगळी पानं वाचून दाखवली. ती मधून मधून म्हणायची, "पुन्हा वाचा." आम्ही मोजली. धरण्यासारखी चौदा होती.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत ती बसली नाही, उभी राहिली. गुरुजींनी दिलेलं फाटकं पान पुरावा म्हणून तिनं टेबलावर ठेवलं. मी शेजारी. तिनं मला कागद दाखवून विचारलं, "एक्केचाळीस कुठं लिहिलंय?" मी बोट ठेवलं. तिनं 'सर्व' खोडलं, आणि एक्केचाळीसच्या पुढे ठळक अक्षरांत 'पैकी चौदा' घातलं. मग खाली लिहिलं: 'बाकीच्यांना वेळ द्यावा. नमुना दिला ही माझी चूक. ज्यांनी स्वतः लिहिले त्यांची पाने शाळांत फाडली गेली, याची चौकशी व्हावी.' आणि सही केली. अक्षरं रेघेच्या खाली घसरली होती, पण सही पूर्ण होती.

साहेबांनी वाचलं. गोडी गेली.

"हे वर पाठवता येत नाही, बाई."

"मग नका पाठवू."

"म्हणजे प्रशिक्षण बंद. कळतंय ना? तुमचं अकरा वर्षांचं..."

"मला ठाऊक आहे किती वर्षांचं ते."

"आणि पुस्तिका निघणारच आहे. तुमच्या नावाशिवाय निघेल. दुसऱ्या कुणाच्या नावानं."

"माझं नाव नको. आणि माझा नळही नको. वापरलात तर मी सगळ्या शाळांना पत्र लिहीन की हे खोटं आहे."

"धमकी देताय?"

"माहिती देतेय. पाठ करून ठेवा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी तारीख, वार पाहून, अगदी रीतीनं सांगितलं, "ठीक आहे. प्रशिक्षण विभाग इथं बंद करतो. सोमवारपासून तुम्ही रेकॉर्ड विभागात. जुनी रजिस्टरं लावायची आहेत. दीड वर्ष राहिलंय ना तुमचं? शांतपणे काढा."

मी तिच्या दंडाला धरलं. मला वाटलं, आता ही कोसळेल. तिचा दंड दगडासारखा घट्ट होता. खाली वाकून तिनं टेबलावरचं ते गुरुजींचं फाटकं पान उचललं, घडी घातली, पिशवीत ठेवलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मंगळवारपासून येते. सोमवारी माझी रजा. त्या मुख्याध्यापकाला गुरुजींच्या शाळेत नेऊन दुपारी खिडकीपासून लांबच्या बाकावर बसवायचंय. अडवायचं असेल तर लेखी द्या."